सर्व्हिस पॅक गणपती झाल्यावर टाकू

“ह्या घातल्यार नवीन काय दिसतला?”

मालवणात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं त्या दहा वर्षांत सर्व्हिस पॅकबद्दल मला हा एकच प्रश्न विचारला गेला. लॉजवाल्याने विचारला, मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारला, डॉक्टरांनी विचारला. डॉक्टरांनी शुद्ध मराठीत विचारला, एवढाच फरक. खरं उत्तर असं होतं की काही दिसणार नाही. तासभर मशीन अडकून पडेल, एकदोनदा बंद होऊन चालू होईल, आणि मग होतं तसंच दिसेल. हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या गळ्यात न दिसणारी सुरमई मारायला आलोय.

सिस्टीम बनवणारे ती बाजारात सोडतात तेव्हा ती पुरी झालेली नसतेच. लोक वापरायला लागले की तिच्यातली भोकं सापडतात, ती बुजवतात. मधल्या काळात नवी यंत्रं निघतात, त्यांची तिला ओळख करून देतात. वर्षा-दोन वर्षांनी हे सगळं एका गाठोड्यात बांधून फुकट वाटतात, ते गाठोडं म्हणजे सर्व्हिस पॅक. दोन नंबरच्या गाठोड्यात निदान सांगण्यासारखं काही होतं. नेटवरून न विचारता कोणी आत शिरायला लागलं तर अडवणारी भिंत त्याने आपसूक उभी केली. उगाच उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्या बंद केल्या. अँटिव्हायरस शिळा झाला की कोपऱ्यात लाल ढाल दाखवायला लागला. सोसायटीच्या ऑफिसात चार मशीन एकमेकांना जोडलेली होती. तिथे त्या भिंतीने पहिल्याच दिवशी प्रिंटर अडवला, आणि सेक्रेटरींनी फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. धंदेवाल्यांच्या दृष्टीने हे असंच असतं. त्रास आज होतो आणि फायदा म्हणजे काय, तर पुढे एखादी वाईट गोष्ट होत नाही. हे पटवताना मी अगदी मेटाकुटीला यायचो.

त्याच्या आधीचा, एक नंबरचा, तर त्याहून मुका. त्याने केलेल्या गोष्टींतली एक अशी होती की एकशे सदतीस जीबीपेक्षा मोठी हार्ड डिस्क शेवटपर्यंत नीट वापरायला त्याने सिस्टीमला शिकवलं. आमच्याकडे तेव्हा चाळीसची डिस्क म्हणजे चैन. एकशे सदतीसच्या पुढचं कोणाला पडलंय, असं मी स्वतः चारचौघांत बोललेलो आहे. ते किती मूर्खपणाचं होतं हे मला एका बाईमुळे कळलं. तिचा नवरा समुद्रात गेला होता, आणि तो मेला हे तिने पाच वर्षं मानलं नाही, ते माझ्या हातून झालेल्या कामामुळे.

मालवणच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. मालक माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मी त्यांना काका म्हणायचो. जन्मभर अंधाऱ्या खोलीत रोल धुतलेला माणूस, पण डिजिटल आल्यावर कपाळाला हात लावून बसले नाहीत. २००३ च्या सुरुवातीला त्यांनी गोव्याहून नवं मशीन जोडून आणलं. त्यात दोन डिस्क होत्या. एक लहान, तिच्यावर सिस्टीम, आणि दुसरी एकशे साठची, तिच्यावर फक्त फोटो आणि शूटिंग. एवढी मोठी डिस्क आमच्या भागात दुसऱ्या कोणाकडे असल्याचं मला ठाऊक नव्हतं. काका ती पाव्हण्यांना उघडून दाखवायचे, जसं काही घरात नवी म्हैस आणलीय.

त्या डिस्कवर पहिल्याप्रथम गेलं ते मच्छीमार सोसायटीचं एक काम. सोसायटीने खलाशांना ओळखपत्रं द्यायची ठरवली होती. काका कॅमेरा घेऊन जेटीवर गेले, एका होडीच्या कडेला पांढरी चादर बांधली आणि एकेकाला पुढे उभं केलं. फोटो डिस्कवर, तिथून थेट कार्डावर, वर प्लास्टिक. सुटा फोटो कोणाला दिलाच नाही. सगळे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे उभे राहिले होते. एकटा हसला होता, तेही दात दाखवून, मान थोडी कलती करून. काकांनी तो मला मुद्दाम दाखवला. म्हणाले, “सगळ्या गावात ह्या एकाकच फोटो काढून घेवक येता बघ.”

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, आणि चतुर्थीला आठेक दिवस असताना त्याची होडी खडकाजवळ उलटली. चार जण होते. तिघांना दुसऱ्या होडीने उचललं. हसणारा सापडला नाही. कार्ड शर्टाच्या खिशात होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

त्याची बायको बाजारात मासे विकायची. बावीस-तेवीसची असेल, पदरात पाच महिन्यांचं चेडू, म्हणजे मुलगी. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. लग्नाचे सहा होते ते पत्र्याच्या पेटीत दोन पावसाळे राहिले, एकमेकांना चिकटले, आणि सोडवले तेव्हा चेहऱ्यांच्या जागी नुसती बुरशी होती. आमच्या हवेत हे घरोघर होतं. तो आहे की गेला हे विचारायला सासरच्यांनी देवळात कौल लावला. देवाला चिकटवलेल्या कळ्या ना उजवीकडे पडल्या ना डावीकडे, दुपारपर्यंत तशाच राहिल्या. शेवटी दिराने सांगितलं की गणपती होईपर्यंत वाट बघू, नाही आला तर मग त्याचे दिवस करू. ती जेवतच नव्हती, आणि दूध आटल्यामुळे पोर रडत होतं, हे सगळं बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकांचं मशीन बिघडलं. चालू केलं की मिनिटाभरात आपणहून बंद व्हायचं. नेटवरून नाहीतर कोणाच्या तरी सीडीतून किडा शिरला होता, त्या वर्षांत तो सगळीकडेच होता. काकांचा जीव अर्धा झाला. चाकरमानी गाड्या भरभरून येत होते, प्रत्येक घराला गणपतीपुढे फोटो हवा, कुणाला आरतीचं शूटिंग हवं. मी गेलो. त्या काळी माझ्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, लहान डिस्क पुसायची आणि सिस्टीम नव्याने घालायची. फोटोंची मोठी डिस्क वेगळी असल्यामुळे तिला हात लावायचं कारण नव्हतं, आणि मी लावलाही नाही. गोव्याहून आलेल्या सिस्टीममध्ये पॅक होता; पण माझी सीडी होती तीन वर्षांपूर्वीची, कॉपीची कॉपी, तिच्यात एकही सर्व्हिस पॅक नव्हता. तो वेगळ्या सीडीवर होता, एका मासिकाबरोबर आलेल्या. ती सीडी माझ्या दुकानाच्या खणात, म्हणजे स्टुडिओपासून चालत सहा मिनिटांवर.

मी गेलो नाही. आणखी पाच मशीन माझी वाट बघत होती, आणि घरी आई गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान कधी आणतोस म्हणून सकाळपासून डोकं खात होती.

“काका, सर्व्हिस पॅक गणपती झाल्यावर टाकूया,” मी म्हटलं.

“नाय टाकल्यार चलात?”

“चलात मा.”

“टाकल्यार नवीन काय गावतला?”

“काय नाय.”

“मगे ऱ्हवांदे,” काका म्हणाले.

कोकणात श्रावण संपत आला की कोणतीही गोष्ट गणपती झाल्यावरच होते. घराचा पत्रा गणपती झाल्यावर, दात काढायचा तो गणपती झाल्यावर, सोयरिकीची बोलणी गणपती झाल्यावर. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

त्या अकरा दिवसांत काय झालं ते मी पुढे ज्या शब्दांत त्या खलाशाच्या बायकोला सांगितलं त्याच शब्दांत सांगतो. समज, दोनशे पानांची वही आहे, आणि लिहिणाऱ्याला आकडे फक्त दीडशेपर्यंत येतात. दीडशे पानं भरेपर्यंत सगळं ठीक. एकशे एक्कावन्नावं पान आलं की तो परत पहिल्या पानावर जातो आणि तिथे जे लिहिलेलं आहे त्याच्यावरच लिहायला लागतो. आपण नवीन पानावर लिहितोय अशीच त्याची समजूत असते. सर्व्हिस पॅक नसलेली सिस्टीम एकशे साठच्या डिस्कवर नेमकं हेच करत होती. काकांची डिस्क आधीच भरत आलेली. गणपतीचे फोटो, त्याहून जास्त जागा खाणारं आरत्यांचं शूटिंग, सगळं ते रोज तिच्यात ओतत होते, आणि ते सगळं डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडत होतं. सुरुवातीला खलाशांचे फोटो होते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीडी घेऊन स्टुडिओत गेलो. एवढं मात्र मी पाळलं होतं. मशीनला हात लावणार तोच त्या हसणाऱ्याची बायको आली, सोबत तिचा दीर. दिराला भावाचा फोटो मोठा करून हवा होता, दिवस करायचे तर समोर मांडायला काहीतरी पाहिजे. ती दारालाच टेकून उभी राहिली. तिला फोटो नको होता हे कोणालाही कळलं असतं. फोटोला हार घातला की संपलं.

काकांनी यादीत त्याच्या कार्डाचा नंबर शोधला आणि फोटो उघडला.

पडद्यावर गणपती आला. कुणाच्या तरी घरातला, भिंतीला निळा रंग, वर माटवी बांधलेली, तिच्यात काकड्या आणि कवंडळाची लाल फळं टांगलेली, पुढे समया. पूर्ण, स्वच्छ, एका कडेलाही फाटलेला नाही असा.

“काका, दुसरो उघडलास,” दीर म्हणाला.

काकांनी बंद करून परत उघडला. खाली नंबर त्याचाच. परत गणपतीच. त्यांनी मागचा-पुढचा खलाशी उघडून बघितला. एक उघडेना, दुसऱ्याच्या जागी रंगीत पट्टे आले. आख्खा गणपती आला होता तो फक्त त्या एकाच्या जागी. आता मला ठाऊक आहे की हा निव्वळ योगायोग होता, एका फोटोची सुरुवात नेमकी दुसऱ्याच्या सुरुवातीवर येऊन पडली. पण तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

ती दारातून पुढे आली. पडद्याच्या अगदी जवळ गेली. मग तिने पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

“गणपतीन तेका धरून ठेवल्यान हा,” ती म्हणाली. आणि दिराकडे वळून, “तेचे दिवस करूचे नाय.”

दिराने काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. देवाच्या कळ्या पडल्या नव्हत्या, आणि आता हे. काकांनी घसा साफ केला आणि ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाले की मशीनमध्ये थोडा बिघाड दिसतोय, हा मुलगा शोधून काढील. बिघाड हा शब्द तिने ऐकलाच नाही. तिने फक्त शोधील एवढं ऐकलं.

“सोद रे भावा,” ती मला म्हणाली. “गावतलो तो.”

ते दोघं गेल्यावर दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं. कोणती सिस्टीम आहे ते बघितलं, डिस्कचा आकार बघितला, आणि हातातल्या सीडीकडे बघितलं. काकांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले. डिस्कवर दीड वर्षाची लग्नं होती, मुंजी होत्या, लोकांचे बुरशीतून वाचवलेले जुने अल्बम होते.

“ह्या कोणाक सांगू नको,” ते म्हणाले. “माझा दुकान बंद पडात.”

“आणि तिका?”

काकांनी पडद्यावरचा गणपती बंद केला. मग म्हणाले, “तिका सांगान काय होतला? काल परवापर्यंत ती पाणी सुद्धा घेय नाय होती. आता घराक जावन जेवतली. चेडवाक दूध गावात.”

आणि खरंच ती जेवायला लागली. पोर बाळसं धरायला लागलं. काकांनी ते कारण स्वतःसाठी काढलं होतं की तिच्यासाठी, देव जाणे. मला कुठलंही कारण चाललं असतं. मी भित्रा होतो, आणि त्या कारणाने माझा भित्रेपणा झाकला गेला, एवढंच त्याचं मोल.

मी शोधलं नाही असं नाही. हरवलेल्या फाइल परत आणणारी दोन-तीन सॉफ्टवेअर मिळवली, दिवसचे दिवस डिस्क खरवडली. काही लग्नं परत आली, अर्धी-मुर्धी. त्याच्या फोटोची जागा मात्र पुरती गेली होती. दिवाळीपर्यंत मी प्रयत्न सोडून दिला. काकांनी दोन वर्षांत स्टुडिओ आवरला आणि मुलाकडे राहायला गेले. जाताना डिस्क मला देऊन गेले, कारण ती अजून माझ्याकडे शोधायला आहे असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं.

मी बाजारात गेलो की ती लांबून हात करायची.

“गावलो?”

“सोदतंय वैनी.”

“सोद. घाई नाय.”

आणि वाट्यावर दोन बांगडे जादा टाकायची. नको म्हटलं तर रागवायची. तू माझं काम करतोयस, असं म्हणायची. मी ते बांगडे घरी नेत होतो. आई तळायची आणि मी खात होतो. पाच वर्षं खाल्ले. ह्या एका गोष्टीची जेवढी लाज मला वाटते तेवढी सर्व्हिस पॅक न टाकल्याची नाही वाटत. ती चूक होती, ही चूक नव्हती.

इकडे धंद्यात मात्र माझा दरारा झाला. मशीन हातात आलं की सर्व्हिस पॅक आधी, बाकी नंतर. गिऱ्हाईक कुरकुरलं तर मशीन उचलून घेऊन जा म्हणायचो. लोक म्हणायचे, हा वेडा आहे, पण याने बघितलेलं मशीन बिघडत नाही. तीन नंबरचा आला तेव्हा तालुक्यात तो सगळ्यांत आधी मीच टाकत सुटलो. नवीन काय दिसणार, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. एका मास्तरांना मी त्यावरून इतका बोललो की ते परत आलेच नाहीत.

ती कुंकू लावत राहिली. दर वर्षी वटपौर्णिमेला सूत घेऊन वडाला जात राहिली. बायका पाठीमागे कुजबुजायच्या, तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं. दिराशी तिचं बिनसलं आणि ती वेगळी राहू लागली. देवबागेकडच्या एका माणसाची बायको वारली होती, भला माणूस, त्याने मधल्या माणसाकरवी विचारलं. तिच्या चेडवालाही तो संभाळायला तयार होता. तिने मधल्या माणसाला भर बाजारात सुनावलं, “माझो घोव आसा! तेचा काम चालू आसा!” मी चार पावलांवर पिशवी घेऊन उभा होतो. तिने माझ्याकडे बोट केलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान हलवली.

हो, हलवली. त्या मानेचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

मग एका वर्षी पावसाळा संपल्यावर वादळ आलं. ते २०१० उजाडण्याच्या आधीचं. कितीतरी होड्या बाहेर होत्या. काही माणसं परत आली, काही आली नाहीत. महिन्याभराने एका सकाळी बाजार आटोपून ती माझ्या दुकानात आली. बरोबर एक पोरगी होती, वीस वर्षांचीही नसेल, डोळे सुजलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“हिचो घोव गावाक नाय,” ती मला म्हणाली. “घरातली दिवस करूया म्हणतत. मी म्हटलंय, आधी आमच्या भावाकडे चल.” तिने पोरीच्या हातातली गुंडाळी सोडली. आत एका तरुणाचा फोटो होता, मोटारसायकलवर बसलेला. “ह्यो फोटो त्या डिस्कर घाल. गणपती इलो तर तो आसा. मगे ही वाट बघीत.”

पोरगी माझ्याकडे बघत होती. मी सांगेन ते ती मानणार होती. गणपती आला तर वडाला सूत गुंडाळत राहणार होती, कोणी विचारलं तर बाजारात ओरडणार होती. मला एकदम सगळं पुढचं दिसलं, आणि मी खुर्चीवरून उठलो, कारण बसून ते सांगता येईना.

“वैनी, ता गणपतीन नाय केल्यान,” मी म्हटलं. “ता मी केलंय.”

आणि मग सांगितलं. वहीचं सांगितलं, दीडशे पानांचं सांगितलं. सहा मिनिटांवरची सीडी आणायला मी गेलो नाही हे सांगितलं. कोणाच्या तरी घरचा गणपती कोणाच्याही जागी येऊन पडला असता, तो त्याच्या जागी पडला. बाकीच्या खलाशांचेही फोटो गेले होते, आणि ते सगळे धडधाकट आहेत, रोज जाळी ओढतायत. आणि पहिल्या दिवाळीनंतर मी काहीही शोधलेलं नाही.

ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पदर सारखा केला.

“तुका ह्या कधी समजला?”

“त्याच दिवशी.”

तिने मान हलवली, जसं कोणी गिऱ्हाइकाने भाव सांगावा आणि तो तिला परवडू नये. मग तिने मोटारसायकलवाल्याचा फोटो परत वर्तमानपत्रात गुंडाळला, नीट, चारी बाजू दुमडून, आणि पोरीच्या हातात दिला.

“तू घरी जा गो,” ती तिला म्हणाली. “दिवस कर.”

पोरगी गेली. दुकानात आम्ही दोघंच. मला वाटलं ती आता मला शिव्या घालेल, आणि मला त्या हव्या होत्या. तिने विचारलं, “ती डिस्क खंय आसा?”

मी खणातून काढून दिली. तिने ती पहिल्यांदाच बघितली. हातात घेतल्यावर ती थोडी दचकली, एवढी जड असेल असं तिला वाटलं नसावं. उलटीसुलटी करून पाहिली.

“हेच्यात तो आसा मा? त्या गणपतीच्या खाली?”

कागदावर खोडून लिहिलं तर खालचं अक्षर निदान उजेडाला धरून दिसतं. डिस्कवर खाली काही नसतं. वरचं आलं की खालचं संपलं. तिथे त्याचा डोळा नव्हता, दात नव्हता, काही नव्हतं. मी नुकताच तिला पाच वर्षांचं खोटं उलगडून दाखवलं होतं, आणि पुन्हा खोटं बोलणार नाही असं मनाशी म्हणतही होतो.

“आसा,” मी म्हटलं.

तिने डिस्क पदरात गुंडाळली आणि ती गेली.

पुढचं मला तिच्या दिराने सांगितलं, तोही मला रस्त्यात अडवून, शिव्या दिल्यावर. ती त्याच्या दारात गेली होती, पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, तुझ्या भावाचे दिवस करूया. देह नव्हता म्हणून भटजींनी दर्भाचा माणूस करायला सांगितला, तो किनाऱ्यावर जाळला. अस्थी म्हणून विसर्जन करायला काय, असं भटजींनी विचारलं तेव्हा तिने पदरातून डिस्क काढली. भटजी म्हणाले की असं चालत नाही. ती म्हणाली, “हेच्यात तो आसा. ज्येच्याकडे होतो तेनाच सांगितल्यान.” दिराने होडी काढली. खडकाच्या पुढे, जिथे ती होडी उलटली होती तिथे, तिने स्वतः हात खाली नेऊन ती पाण्यात सोडली.

तेराव्यानंतर ती बाजारात बसायला लागली. पहिले काही दिवस मी त्या बाजूला गेलो नाही. मग एका सकाळी गेलो. कपाळ कोरं होतं, हात मोकळे होते, आणि पाच वर्षांत न झालेली म्हातारी ती पंधरा दिवसांत झाली होती. मी समोर उभा राहिलो. तिने बांगड्यांचा एक वाटा उचलून माझ्या पिशवीत टाकला, तेवढाच. मी जागचा हललो नाही. मला वाटत होतं ती काहीतरी विचारेल, काहीही. ती पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागली होती.